क्वेरी चालली, पण बरोबर आहे का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीतला डेटा विश्लेषणावरचा लेख वाचला. नव्या मुलामुलींना या कामाची ओळख करून देणारा लेख आहे आणि तो छापलात हे चांगलंच झालं. माझा आक्षेप त्यातल्या एकाच विधानाला आहे. डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा, म्हणजे एसक्यूएल, शिकायला सोपी, कारण चूक झाली की संगणक लगेच सांगतो, असं लेखकाने म्हटलं आहे. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तयार करणाऱ्या विभागात मी काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या क्वेऱ्या (त्या भाषेत डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आणि प्रोग्रॅम तपासणं हेच माझं बरीच वर्षं चाललेलं काम. त्यामुळे हे विधान वाचून गप्प बसवेना.

संगणक ज्या चुका सांगतो त्या कोणत्या? स्वल्पविराम राहिला, कंस बंद केला नाही, कॉलमचं नाव चुकीचं लिहिलं. अशी क्वेरी बोंब मारून जागीच थांबते, लिहिणारा दोन मिनिटांत दुरुस्त करतो आणि विषय संपतो. माझ्या टेबलावर येतात त्या सगळ्या क्वेऱ्या व्यवस्थित चाललेल्या असतात. लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या कामाच्या नोंदीत, लाल ओळ नसते, उत्तर आलेलं असतं, तक्ता छान दिसत असतो. माझं काम तिथून सुरू होतं.

एक उदाहरण जवळून दाखवते. दोन टेबलं घ्या. एकात रुग्ण, प्रत्येकाची एक ओळ, त्यात क्रमांक आणि वय. दुसऱ्यात भेटी, म्हणजे रुग्ण जितक्या वेळा तपासणीला आला तितक्या ओळी. समजा तीनच रुग्ण आहेत, वयं ३०, ४० आणि ८०. पहिले दोघं एकेकदाच आले, ८० वर्षांचे आजोबा चारदा आले. सांगितलं गेलं, तपासणीला आलेल्यांचं सरासरी वय काढा. नवा मुलगा रुग्णक्रमांकावर दोन्ही टेबलं जोडतो आणि सरासरी मागतो. उत्तर येतं ६५. खरं उत्तर ५०. जोडणीनंतर आजोबांची ओळ चार वेळा आली, म्हणून ३०, ४० आणि चार वेळा ८० अशी बेरीज झाली ३९०, भागिले ६. संगणकाने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं. आणि ६५ हे वय काही अशक्य नाही, त्यामुळे ते कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. खऱ्या चाचणीत तर हा फुगवटा बहुतेकदा एकाच दिशेने जातो, कारण जास्त आजारी माणसं जास्त वेळा येतात. आकडा नुसता चुकत नाही, तो आजारी माणसांच्या बाजूला झुकतो.

हे दाखवून दिलं की पुढची चाल ठरलेली असते, डिस्टिंक्ट (पुन्हा आलेली किंमत एकदाच धर, असं सांगणारा शब्द) चिकटवणं. सरासरीच्या कंसात डिस्टिंक्ट टाकलं की ३०, ४०, ८० एकेकदाच धरले जातात, ५० येतात आणि स्वारी खूश. पण तिथे डिस्टिंक्ट वेगवेगळी वयं मोजतं, वेगवेगळी माणसं मोजत नाही. उद्या ३०, ३० आणि ९० वयाचे तिघं आले की खरी सरासरी ५०, आणि ही क्वेरी सांगणार ६०, कारण तिशीतल्या दोघांचा एक झाला. एखाद्या क्वेरीत शेजारी कारण न लिहिता डिस्टिंक्ट दिसलं की मी तिथेच थांबते. बहुतेक वेळा वर कुठेतरी एक जोडणी फुगलेली असते आणि ती शोधण्याऐवजी तिच्यावर पांघरूण घातलेलं असतं.

काही साधनं इथे मदत करतात. स्टाटा या सांख्यिकीच्या पॅकेजमध्ये दोन फाइली जोडताना नातं एकास-एक आहे की अनेकास-एक हे आधी सांगावंच लागतं, आणि डेटा तसा नसला तर काम थांबतं. पायथन भाषेतल्या पांडाज या साधनात मर्ज, म्हणजे जोडणी, करताना तशी अट घालता येते, पण आपण घातली तरच. आर या सांख्यिकीच्या भाषेतलं डीप्लायर हे साधन २०२३ पासून अनेकास-अनेक जोडणी झाली की इशारा देतं. साध्या एसक्यूएलच्या जॉइनमध्ये, म्हणजे जोडणीत, असं काही सांगण्याची सोय नाही. तिथे जोडणीआधी ओळी मोजायच्या, जोडणीनंतर मोजायच्या आणि आकडा का वाढला किंवा घटला ते कागदावर लिहायचं. कंटाळवाणं आहे. मला आजवर याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

दुसरा प्रांत रिकाम्या जागांचा, म्हणजे नलचा. एसक्यूएलमध्ये तुलनेचं उत्तर हो आणि नाही यांखेरीज तिसरंही असू शकतं, माहीत नाही. आणि अट लावल्यावर फक्त 'हो' वाल्या ओळीच पुढे जातात. 'ज्यांचा गट प्लासिबो (औषधाऐवजी दिलेली नकली गोळी) नाही असे रुग्ण द्या' म्हटलं की ज्यांचा गट नोंदवायचा राहिला ते येत नाहीत. 'ज्यांचा गट प्लासिबो आहे' म्हटलं तरी ते येत नाहीत. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बेरीज केली तर एकूण जुळत नाही, आणि तीच याची तपासणी: अट आणि तिच्या उलट अट, दोन्ही चालवा, बेरीज मूळ संख्येशी ताडून पाहा. याचाच चुलतभाऊ म्हणजे नॉट इन. 'दुष्परिणामांच्या यादीत ज्यांचा क्रमांक नाही असे रुग्ण' मागितले आणि त्या यादीत एक जरी क्रमांक रिकामा असला, तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. हा प्रकार मला त्यातल्या त्यात सज्जन वाटतो, कारण शून्य पाहून माणूस निदान दचकतो.

सरासरीचंही तसंच. शंभरांपैकी वीस जणांचा रक्तदाब नोंदवलेला नसला तर सरासरी ऐंशींचीच निघते. ते बऱ्याचदा योग्यही असतं. पण तक्त्याच्या डोक्यावर शंभर लिहिलेले असतात, कारण ते ओळी मोजून आले, आणि खालची सरासरी ऐंशींची. वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

खरी गंमत पुढे आहे. डेटाबेसमधून डेटा बाहेर काढून सांख्यिकीच्या पॅकेजमध्ये नेला की रिकाम्या जागेचा स्वभावच बदलतो. सॅस या पॅकेजमध्ये रिकामी जागा ही कुठल्याही संख्येपेक्षा लहान धरली जाते. म्हणून '१८ पेक्षा कमी वयाचे' मागितले की ज्यांचं वय नोंदवलेलं नाही ते सगळे मुलांमध्ये जाऊन बसतात. स्टाटामध्ये नेमकं उलट, रिकामी जागा सगळ्यांत मोठी. तिथे '६० पेक्षा जास्त' म्हटलं की वय नसलेले ज्येष्ठ नागरिक होतात. आर यातलं काहीच करत नाही, तुलनेचं उत्तर 'एनए' असं देऊन मोकळं होतं, आणि मग ते एनए पुढच्या हिशेबात कुठे जाऊन अडकतं ते शोधत बसायचं. सॅसच्या प्रॉक एसक्यूएलमध्ये, म्हणजे सॅसच्या आतल्या एसक्यूएलमध्ये, लिहिलेली '१८ पेक्षा कमी'ची क्वेरी सॅसने स्वतः चालवली तर एक उत्तर आणि तीच्या तीच थेट ओरॅकल या डेटाबेसकडे धाडली तर दुसरं, हे समजावून सांगताना समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. क्वेरीचं एक अक्षर बदललेलं नाही, बदललाय तो फक्त ती चालवणारा.

भागाकाराची गोष्टही अशीच. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसांमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक कापला जातो, म्हणजे ६० पैकी ४५ जण बरे झाले तर प्रमाण येतं शून्य. मायएसक्यूएल आणि ओरॅकल तिथे ०.७५ देतात. शून्य दिसलं तर कुणीही पकडेल, पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांकांच्या कॉलमची सरासरीही पूर्णांकच येते, आणि ६.९ चे ६ झालेले पकडायला अनुभवच लागतो. गट पाडताना एखादा कॉलम ग्रुप बायमध्ये लिहायचा राहिला तर ओरॅकल आणि पोस्टग्रेस चूक दाखवून थांबतात. मायएसक्यूएल ५.७ च्या आधी मूळ सेटिंगवर गुमान कुठल्यातरी एका ओळीतली किंमत उचलून द्यायचं. सॅस आणखी वेगळं वागतं. गटाची बेरीज काढतं, ती सगळ्या मूळ ओळींना पुन्हा जोडतं आणि लॉगमध्ये एक साधी सूचना टाकतं. चूक म्हणून नाही, इशारा म्हणूनही नाही, नुसती सूचना. लॉगमध्ये फक्त 'एरर' शोधणाऱ्यांना ती कधी दिसतच नाही.

तारखांबद्दल थोडक्यात. '१ जानेवारी ते ३१ डिसेंबर' असं बिटवीन लावलं आणि कॉलममध्ये वेळही असली, तर ३१ डिसेंबर सुरू होतानाची मध्यरात्र उलटल्यानंतरच्या त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी बाहेर राहतात. वर्षाचा एक दिवस गेला. '१ जानेवारीपासून, पुढच्या १ जानेवारीच्या आत' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

लेखकाचं म्हणणं एका अर्थी खरं आहे, चूक झाल्याचं संगणक सांगतो. पण तेही ऐकणारा असेल तर. सॅसमध्ये प्रत्येक क्वेरीनंतर एसक्यूएलआरसी नावाच्या चलात निकाल ठेवला जातो, ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक. किती ओळी हाताळल्या ते एसक्यूएलओबीएसमध्ये असतं. पुढची क्वेरी चालली की दोन्ही पुसले जाऊन नवे येतात, म्हणून तिथल्या तिथे पाहावे लागतात. पाहतं कोण? समोर बसून एकेक तुकडा चालवताना मी वारंवार पाहिलेला प्रकार असा. टेबल बनवणारी क्वेरी फसते, नवं टेबल बनत नाही, पण त्याच नावाचं मागच्या वेळचं टेबल जागेवर असतंच. पुढचा टप्पा त्या जुन्या टेबलावर सुखाने चालतो आणि अहवालावर आजची तारीख पडते. म्हणून आमच्याकडे पहिली ओळ जुनं टेबल काढून टाकण्याची असते. मग फसलेली क्वेरी लपू शकत नाही. पायथनवाल्यांनी तर ट्राय-एक्सेप्ट लावून आलेली चूक गिळून टाकण्याची कला फारच अंगी बाणवली आहे. क्षमस्व, पण खरं आहे. आणि प्रॉक एसक्यूएलमध्ये व्हॅलिडेट नावाचा आदेश आहे, तो क्वेरी न चालवता तिची वाक्यरचना बरोबर असल्याचं सांगतो. नावावरून फसून तपासणी झाली असं समजणारे मी पाहिले आहेत.

आमच्या क्षेत्रात यावर एक रूढ उपाय आहे, दुहेरी प्रोग्रॅमिंग. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने तो न पाहता त्याच सूचनांवरून स्वतंत्र कोड लिहायचा आणि दोन्ही निकाल सॅसच्या प्रॉक कंपेअर या आदेशाने ताडायचे. उपाय उत्तम, पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. एक तर दोघांच्या हातात एकच सूचनापत्र असतं. त्यात 'शेवटची भेट' एवढंच लिहिलं असेल आणि अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णाचं काय करायचं हे नसेल, तर दोघंही एकाच खड्ड्यात पडतात आणि निकाल तंतोतंत जुळतात. दुसरं, प्रॉक कंपेअर शेवटी 'तुलना केलेल्या सर्व किमती समान आहेत' असं छापतं ते फक्त जुळलेल्या ओळींबद्दल असतं. एका टेबलात चाळीस ओळी कमी असल्या तरी ते वाक्य येऊ शकतं, कमी ओळींची माहिती वरच्या भागात वेगळी असते. घाईतला माणूस शेवटचं वाक्य वाचतो आणि सही करतो.

हे सगळं माझ्या खोलीपुरतं असतं तर आपल्या वाचकांना त्रास दिला नसता. पण यातल्या चुका आपल्या बातम्यांपर्यंत येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रीय नियतकालिकात संशोधन आलं की पत्नी गंभीर आजारी पडली तर घटस्फोटाची शक्यता वाढते. वृत्तपत्रांना असा मथळा सोडवत नाही, जगभर बातम्या झाल्या. मग दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा काढून पाहायचा प्रयत्न केला, ते जुळेनात. अभ्यास अर्धवट सोडून गेलेली जोडपी कोडमध्ये घटस्फोटितांत मोजली गेली होती. लेखकांनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं आणि लेख मागे घेतला. दुरुस्तीनंतर निष्कर्ष हृदयविकारापुरता उरला. कोड चालला होताच. परीक्षकांनीही लेख वाचला होता. पण 'सोडून गेलेले किती आणि ते कुठल्या रकान्यात गेले' ही एक बेरीज कुणी मांडली नव्हती.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोविडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळले होते. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात भरल्या जात होत्या, त्यात एका पानावर ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्यापुढच्या ओळी सांडून गेल्या. ही क्वेरीची चूक नव्हे हे मला कळतं. पण आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढी नोंद रोज होत असती तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध काही दिवस उशिरा सुरू झाला, हा त्याचा खर्च.

आता तर क्वेरी लिहून देणारी साधनंही आली आहेत. मराठीत मागणी सांगा, क्वेरी तयार. मी वापरते, नाकं मुरडत नाही. पण ती साधनं फार देखणी क्वेरी लिहितात, आणि देखणी क्वेरी तपासताना माणूस ढिला पडतो. आजोबांच्या सरासरीची वरची चूक त्यांच्याही हातून होते, कारण भेटींच्या टेबलात एका रुग्णाच्या अनेक ओळी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी नव्या लोकांना एकच सवय लावते. क्वेरी चालवण्याआधी उत्तर काय यायला हवं याचा अंदाज लिहून ठेवायचा, निदान ओळींची संख्या तरी. आणि खऱ्या डेटावर जाण्याआधी पाचसहा रुग्णांचं एक टेबल स्वतः बनवायचं, त्यात मुद्दाम सगळी वाकडी माणसं घालायची: वय नसलेला, एकही भेट न झालेली, एकाच दिवशी दोनदा आलेला, गट न नोंदवलेली. उत्तर हाताने काढायचं आणि मग क्वेरीला विचारायचं. एकही भेट न झालेली बाई इथे फार उपयोगी पडते. लेफ्ट जॉइन (जोड न मिळालेल्या ओळीही राखणारी जोडणी) करून तिला राखलं आणि खाली व्हेअरमध्ये, म्हणजे अटीच्या भागात, भेटीच्या तारखेची अट घातली की ती गुपचूप बाहेर जाते. लाखभर ओळींत ते कधीच कळत नाही, सहांत लगेच कळतं. याला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस वेळापत्रकात कुणी धरत नाही, म्हणून बरेच जण करत नाहीत. याचा दोष मी मुलांना देत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांना देते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. एक, पाहणीचे किंवा संशोधनाचे आकडे छापताना बातमीदाराने दोन प्रश्न विचारावेत: सुरुवातीला किती जण होते आणि शेवटच्या तक्त्यात किती उरले, मधले कुठे गेले, आणि हे आकडे मूळ माणसाखेरीज आणखी कुणी काढून पाहिले का. उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं. दुसरी मागणी पुरवणीबद्दल. पुढच्या भागात एसक्यूएलची ओळख करून देणार असाल तर सोबत सहा ओळींची दोन टेबलं आणि चालणारी पण चुकीची एक क्वेरी छापा, चूक वाचकांना शोधू द्या. टेबलं मी करून पाठवते, उत्तरही बंद पाकिटात. एक नल, एक दुहेरी नोंद आणि ३१ डिसेंबरच्या रात्री साडेअकराची एक भेट त्यात घालून ठेवली आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(सांख्यिकी प्रोग्रॅमर)